जखम वाळली, असं त्यांनी सांगितलं होतं

मला दुखण्यापेक्षा जखमेची भीती जास्त. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या सदर भागात आमच्या ऑफिसच्या जिन्यावरून मी घसरले, कमरेतली चकती सरकली आणि पाठीचं ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन नीट झालं म्हणे. पण टाके काढल्यावर जखमेचं एक टोक उघडलं आणि तिथून पाणी यायला लागलं. मग रोजचं ड्रेसिंग. पालथं पडायचं, उशीत तोंड खुपसायचं आणि पाठीमागे काय चाललंय ते दुसऱ्याच्या आवाजावरून ओळखायचं. नर्स बोलता बोलता गप्प झाली की मी समजायची, आज पू आहे. तो सगळा उन्हाळा तसा गेला. कूलरचा ओला वारा, घाम, आणि माझ्याच पाठीचा तो वास. घरात कुणी आलं की ते कुठे बसतात, किती लांब बसतात, ते मी बघत राहायची.

जखम शेवटी भरली. पायातली कळ मात्र राहिली. उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कुणी तापलेली सळई ओढत नेतंय असं वाटायचं. आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहतो. नवरा तिथल्या पॉवर हाऊसमध्ये आहे आणि मी रोज बसनं सदरला जाते. बसमध्ये उभी राहिले तर पाय जळायचा, जागा मिळून बसले तर कंबर आखडायची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेक तर इतके घेतले की कमरेची कातडी काळवंडली. नोकरी सोडायचं आम्ही बोलून ठेवलं होतं.

तेव्हा डॉक्टरांनी यंत्राचं सुचवलं. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूजवळ एक बारीक तार सोडायची. कमरेच्या खाली, मागच्या बाजूला, कातडीखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवायचं. ते नसेला हलका करंट देत राहतं आणि दुखण्याची खबर मेंदूपर्यंत पोचताना अडवतं. आधी त्याची चाचणी असते. तार आत, पण यंत्र बाहेर, कमरेला पट्ट्यानं बांधलेलं. त्या चाचणीच्या दिवसांत मी कॉलनीच्या गेटपर्यंत चालत गेले, तिथल्या ठेल्यावरून मेथीची जुडी घेतली आणि चालत परत आले. नवरा दारात उभा होता. त्यानं पिशवी माझ्या हातातून घेतली.

म्हणजे यंत्राचा गुण येतो हे मला कळलं होतं. तरी मी नाही म्हणणार होते. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. ते म्हणाले होते, "यातला मोठा धोका जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा. फार जणांना होत नाही. पण झाला आणि आत यंत्रापर्यंत गेला, तर नुसत्या औषधानं भागत नाही. धातूवर जंतू एकदा घर करून बसले की औषध तिथं पोचत नाही. मग यंत्र, तार, सगळं बाहेर काढावं लागतं." मी मान हलवली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मले नाही करायचं. पुन्हा पालथं पडणं माझ्याच्यानं होणार नाही.

दवाखान्यात पेशंटना समजावून सांगायला एक बाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांचा फोन आला. "एकदा येऊन तर जा. एका पेशंटशी तुमची भेट घालून देते. त्यांना आम्ही हेच यंत्र बसवलंय."

तिथे मला ताई भेटल्या. साठीच्या जवळ आलेल्या, इस्त्रीची सुती साडी, मांडीवर मोठी काळी पर्स. नवरा खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेला, राहणं अजून तिकडेच. दोघींचीही घरं पॉवर हाऊसच्या राखेच्या वाऱ्यात, त्यामुळे बोलायला वेळ लागला नाही. त्यांनी पर्समधून मोबाइलपेक्षा लहान असा एक रिमोट काढून दाखवला. "हे पाह्य. याच्यानं करंट कमीजास्त करता येते."

"दुखणं गेलं?" मी विचारलं.

"गेलं ना. पहिल्या दिवशी तर मलेच खरं वाटे ना. हा पाय माहाच आहे का दुसऱ्या कोणाचा, असं वाटे."

"आणि जखम? पिकली नाही ना?"

त्यांनी रिमोट पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाही वं. वाळली. मधात थोडी लाल झाली होती, पण गेली आपोआप."

मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. त्या हसून मला म्हणाल्या, "बघा."

डॉक्टरांचं बोलणं माझ्या नुसतं कानावर पडलं होतं. ताईंचं आत गेलं. डॉक्टरांच्या पाठीत काही बसवलेलं नव्हतं. ही बाई त्यातून जाऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसली होती. मी त्याच दिवशी हो म्हणून आले.

त्यानंतर ताई आमच्या घरच्याच झाल्या. खापरखेडा आमच्यापासून लांब नाही. त्या बसनं यायच्या, गेटपासून हळूहळू चालत यायच्या. मी एकदा म्हटलं, यंत्र असून तुम्ही एवढ्या सावकाश चालता, तर म्हणाल्या, "वय झालं वं." आल्या की आधी माझी खोली बघायच्या. पलंगाजवळची जुनी सतरंजी त्यांनी काढायला लावली. कोराडीत अंगणात वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी करडी होऊन घरात येते. त्यांनी सांगितलं, चादरी, टॉवेल, गाऊन, सगळं घरात पंख्याखाली वाळवायचं आणि दोन्हीकडून कडक इस्त्री करायची. खिडकीच्या चौकटीतली राख त्या ओल्या फडक्यानं स्वतः पुसायच्या. मी नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत.

माझी शुगर थोडी वरच्या बाजूला असते. डॉक्टरांनी ती आटोक्यात आणल्याशिवाय तारीख देणार नाही असं सांगितलं होतं. ताईंनी आमच्या घरातला चहाच बिनसाखरेचा करून टाकला, नवऱ्याचासुद्धा. ऑपरेशनआधी अंगाला लावायचा औषधी साबण आणि नाकात लावायचं मलम डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ते कसं लावायचं ते ताईंनी शिकवलं. "लावला अन् धुतला असं करजो नको. फेस अंगावर राहू दे जरासा. टॉवेल रोज नवा घे. अंग पुसल्यावर तेल नाही, पावडर नाही, काही नाही."

"पाठीवर लव आहे, ती काढू का?"

"ब्लेड तर लावजोच नको. ब्लेडनं बारीक बारीक कापते, दिसत बी नाही, अन् तिथूनच जंतू आत जाते. काढायची असन तर दवाखान्यातच काढतीन, मशिननं."

परकराचा नाडा नेमका कुठे येतो, हेही त्यांनीच मला डॉक्टरांना दाखवायला लावलं. मी साडी नेसून खुर्चीत बसले, तेव्हा डॉक्टरांनी पेनानं खूण केली, म्हणजे यंत्राच्या जागेवर नाडा घासणार नाही. डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत." मी घरी येऊन ताईंना फोन केला. एवढी काळजी घेणारं माणूस मला या वयात मिळालं, याचं मला खरोखर अप्रूप वाटत होतं.

नवरा पहिल्यांदा चेष्टा करायचा. "आली तुझी हेडनर्स." पण ताईंनी त्यालाही वळण लावलं. ड्यूटीवरून आला की आधी आंघोळ, मग खोलीत पाय. तो मुकाट्यानं न्हाणीघराकडे जायचा.

ज्या गोष्टी मी नवऱ्याला बोलले नव्हते त्या ताईंना बोलले. पहिल्या जखमेच्या वेळी मला माझ्याच अंगाची किळस यायची, हे सांगितलं. एकदा मी ड्रेसिंगनंतर भिंतीकडे तोंड करून तासभर पडून राहिले, कारण कुणाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, हे सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी कुरवाळला. तेव्हा त्या सांगू शकल्या असत्या. घरात आम्ही दोघीच होतो.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीत आल्यावर उजव्या पायात मुंग्या फिरत होत्या आणि त्या मुंग्यांच्या खाली कुठेतरी लांब, शेजारच्या घरात वाजणाऱ्या टीव्हीसारखी, माझी कळ होती. घरी आल्यावर सगळं सांगितल्याप्रमाणे चाललं. ड्रेसिंगला कुणी हात लावायचा नाही. ओलं होऊ द्यायचं नाही. आंघोळ नाही, नुसतं अंग पुसून घ्यायचं. वाकायचं नाही, वळायचं नाही. ताप आला, जखम गरम लागली, लाल झाली, ओली झाली तर लगेच फोन करायचा, हे दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं, कागदावरही लिहून दिलं होतं.

ताई एक दिवसाआड यायच्या आणि समोरच्या खुर्चीत बसून मला विचारायच्या, "कसं वाटते? मुंग्या कुठवर जाते? अंगठ्यापर्यंत जाते का? झोपल्यावर वाढते?" मी सांगायची. त्या पुन्हा विचारायच्या. एकदा मी उलटून विचारलं, "तुमच्या नाही जात का अंगठ्यापर्यंत?"

"माहं वेगळं होतं," त्या म्हणाल्या. 'होतं' म्हणाल्या होत्या. हे मला फार पुढे आठवलं.

टाके निघाले. पाठीची जखम छान मिटली होती, यंत्राच्या जागेवरचीही. मी घरातल्या घरात फिरायला लागले. मग एके सकाळी कमरेच्या मागे, यंत्राच्या बाजूला, खाजल्यासारखं झालं. हात लावायचा नाही म्हणून लावला नाही. नवऱ्याला दाखवलं. तो वाकून बघत राहिला. "थोडं लाल दिसते."

मी फोनकडे हात नेला आणि मागे घेतला. ताईंचं लाल झालं होतं. आपोआप गेलं होतं. मी नवऱ्याला तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिथे गरम लागायला लागलं. नवरा म्हणाला, "दवाखान्यात फोन करू?" मी म्हटलं, "थांबा जरा. ताईंचं बी झालं होतं." त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी मी पलंगावरून उठले, तर गाऊन कमरेला चिकटला होता. रुपयाएवढा ओला डाग.

तरीही मी आधी दवाखान्यात फोन केला नाही. ताईंना केला. मला त्यांच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकायचं होतं. मी म्हटलं, "ताई, तुमची लाल झाली होती, तेव्हा थोडं पाणी पण आलं होतं का?"

त्या म्हणाल्या, "हात लावू नको. कोणाले लावू देऊ नको. मी येऊन राहिली."

त्या बसची वाट न बघता ऑटो करून आल्या. आल्या आल्या साबणानं हात धुतले, माझ्या मागे उभ्या राहिल्या, बघितलं, आणि हात न लावता म्हणाल्या, "चाल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चाल."

"पण ताई, तुमची तर आपोआप गेली."

"नाही गेली माही."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यांनी नवऱ्याला बाहेर जायला सांगितलं. दार लोटलं. माझ्याकडे पाठ केली, पदर बाजूला केला आणि परकराची कड खाली ओढली. जिथे माझं यंत्र आहे, तिथे त्यांच्या कमरेत खोलगट खड्डा होता. भोवतीची कातडी आत ओढल्यासारखी, चुण्या पडलेली, जांभळी. वर पाठीच्या मधोमध रुंद व्रण. त्यांच्या पाठीत काही नव्हतं.

"मी बी वाट पाहत राहिली," त्या तशाच पाठमोऱ्या बोलत होत्या. "घामोळं असन म्हटलं. मंग कॉलनीतल्या डॉक्टरकडं गेली. त्यानं सुई टोचून पाणी काढून देलं. दोन दिवस बरं वाटलं. मंग थंडी वाजून ताप आला. सगळं काढलं वं त्यायनं. यंत्र काढलं, तार बी काढली. तू वाट पाहू नको. कोणाले सुई लावू देऊ नको."

"कधी झालं हे?"

"तुही माही भेट झाली, त्याच्या आधीच."

त्यांनी पदर सारखा केला. त्यांची काळी पर्स पलंगावर पडली होती आणि मी त्या पर्सकडे बघत होते. नसलेल्या यंत्राचा रिमोट ही बाई जपून घेऊन फिरत होती आणि मी तो बघून पाठ कापून घेतली होती. मला जखमेची आठवण राहिली नाही. मला फक्त तो दवाखान्यातला हॉल दिसत होता, माझ्या गुडघ्यावर ठेवलेला हात दिसत होता. मी तेवढंच एक विचारलं होतं. जगातलं दुसरं काहीही त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

नवऱ्यानं शेजाऱ्यांची गाडी काढली, मी पुढे बसले. ताई मागे.

डॉक्टर चिडले. "लाल दिसल्याबरोबर फोन करा म्हटलं होतं ना? लिहून दिलं होतं." मी खाली मान घालून ऐकलं. कुणाचं ऐकून थांबले ते सांगितलं नाही. त्यांनी ओलाव्याचा नमुना तपासायला घेतला, सोनोग्राफी केली, आणि मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन जखमेचं तेवढं टोक उघडून धुतलं. आतला एक टाका विरघळला नव्हता, त्याच्याभोवती पू धरला होता. यंत्राच्या पिशवीपर्यंत तो गेला नव्हता. सलाइनमधून औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "वरवरचं आहे असं सध्या तरी दिसतंय. आणखी थोडं थांबला असता तर सगळं काढावं लागलं असतं."

मी पुन्हा पालथी होते. पुन्हा उशीत तोंड. नवरा कानाशी येऊन म्हणाला, "ताई बाहेर बाकावर बसून आहे. येऊ दे का आत?"

"त्यायले घरी जायला सांगा," मी म्हटलं.

दवाखान्यात होते तेव्हाच मॅडम एकदा खोलीत आल्या. कशा आहात, बरं वाटतंय ना, असं काही म्हणाल्या. मी विचारलं, "ताईंचं यंत्र काढून टाकलंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, म्हणजे..." त्यांनी ओढणी नीट केली. "आम्ही बसवलंय एवढंच म्हटलं होतं. बसवलं तर होतंच ना."

"माझ्यासमोर त्या म्हणाल्या, जखम वाळली. तुम्ही तिथंच उभ्या होत्या."

"शेवटी वाळलीच की त्यांची पण. हे बघा, घाबरलेल्या पेशंटला धीर देणारं कुणी भेटलं तर बरं असतं. तुमचं दुखणं कमी झालं की नाही?"

झालं होतं. त्याचाच मला जास्त राग आला. मी डॉक्टरांनाही विचारलं. अशी भेट घालून दिल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं, ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. "मी बोलतो त्यांच्याशी," म्हणाले. बोलले असतील. पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मॅडम त्याच टेबलाशी बसून दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगत होत्या.

नमुन्याचा रिपोर्ट आला, औषध बदललं, लालपणा उतरला. मी घरी आले. ताईंचे फोन यायचे, नवरा घ्यायचा आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बोलायचा. मला ते कळायचं. एकदा मी भांडले. "तुम्ही काहून बोलता तिच्याशी?"

"तिनंच वाचवलं ना शेवटी," तो म्हणाला. "ती आली नसती तर तू अजून दोन दिवस बसली असती."

"तिच्यामुळेच बसली होती मी."

"ते बी खरं आहे," तो म्हणाला, आणि पेपर वाचायला लागला. त्याला दोन्ही खरं मानून पेपर वाचता येत होता, मला येत नव्हतं.

मग एका रविवारी ताई आल्या. मी व्हरांड्यात बसले होते. त्या पायरीशी उभ्या राहिल्या. मी या म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. त्या खालच्या पायरीवर बसल्या, एका हातानं कंबर धरून. इतके महिने ज्याला मी वय समजत होते, ते दुखणं होतं. आत्ता कुठे मला ते दिसलं.

"तू बोल मले काही तरी," त्या म्हणाल्या.

"काहून सांगितलं तुम्ही तसं?"

"मॅडमनं बोलावलं. म्हणे, नुसतं बसा, त्यायले धीर द्या. मले वाटलं, सांगीन मी सगळं. तू आधी दुखण्याचं विचारलं. ते मी खोटं नाही सांगितलं. यंत्र होतं तवर गेलंच होतं माहं दुखणं. मंग तू जखमेचं विचारलं. तुह्या तोंडाकडं पाहिलं मी. म्हटलं, हो म्हटलं तर ही उठून जाईन, अन् जन्मभर दुखणं घेऊन बसन."

"ते मी ठरवणार होते, ताई."

"होय."

समोरच्या रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला.

"आणि लाल झाली, आपोआप गेली, हे कशाला सांगितलं?" मी विचारलं. "नुसती वाळली म्हणाल्या असत्या तर मी पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेली असती. तेवढं तरी सांगायचं नव्हतं."

त्या पायरीवर बोट फिरवत राहिल्या. राखेत बोटाची रेघ उमटत होती.

"मले तसं झालं पायजे होतं, वं," त्या म्हणाल्या. "लाल झाली अन् गेली. तुले सांगता सांगता मलेच तसं वाटून राहिलं होतं. तुह्या घरी आली का मी बरी झालेली बाई असायची. तू सगळं इचारायची मले. खापरखेड्यात कोणी इचारत नाही. तिकडं सगळ्यायले माहीत आहे माहं काय झालं ते."

मला त्यांची दया आली, आणि दया येतेय याचाही राग आला. माझ्या जखमेची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, भिंतीकडे तोंड करून पडल्याची, आणि त्यांच्याकडे तशीच गोष्ट असून त्यांनी ती दाबून माझा हात कुरवाळला होता. ते मला कुठे ठेवता येईना. मी चहा विचारला नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या, पदरानं बोट पुसलं, आणि गेटच्या दिशेनं गेल्या. नवरा आतून चप्पल घालून बाहेर आला आणि त्यांना बसपर्यंत पोचवून आला.

माझी जखम भरली. नंतर ती पुन्हा उघडली नाही. मी ऑफिसला जायला लागले. कळ पूर्ण गेलेली नाही, थंडीत आणि लांब बसल्यावर येते, पण बसमध्ये उभं राहता येतं. महिनोन् महिने मी आंघोळीनंतर आरशाला पाठ करून, मान वळवून ती जागा बघत होते. अजूनही बघते. जरा खाजलं की दवाखान्यात फोन करते, आणि तिथली नर्स आता माझा आवाज ओळखते.

मधे मॅडमचा फोन आला होता. एक पेशंट घाबरलेली आहे, तुम्ही येऊन बोलाल का? मी म्हटलं, "येते. पण मी पू झाला होता तेही सांगीन, आणि पुन्हा उघडून धुतलं तेही. दुखणं किती गेलं आणि किती राहिलं, तेही." त्या म्हणाल्या, "बरं, कळवते." त्यांनी कळवलं नाही. त्या पेशंटनं काय ठरवलं, तिला कुणी भेटवलं का, मला माहीत नाही. तिचा विचार मात्र अधूनमधून येतो.

आणि गेल्या हिवाळ्यात ताईंचा फोन आला. त्या दिवशी मीच उचलला. डॉक्टर म्हणतात, आता जखम जुनी झाली, रक्तात काही दोष नाही, यंत्र पुन्हा बसवता येईल. "लावू का वं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना जे मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. डॉक्टर मला काय म्हणाले होते, दुसऱ्यांदा बसवताना धोका थोडा जास्त असू शकतो असं मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं, माझी भीती अजून गेलेली नाही, आणि तरीही बसमध्ये उभं राहता येणं ही किती मोठी गोष्ट आहे. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. शेवटी म्हटलं, "तुम्ही ठरवा." त्या "बरं" म्हणाल्या. माझा आवाज कोरडा होता, तो मला ऐकू येत होता.

त्यांनी बसवून घेतलं. नवरा जाऊन भेटून आला. त्यानं सांगितलं, खोली चकचकीत होती, खिडकीला ओलं फडकं लावलेलं होतं, टाके निघाले, सगळं कोरडं आहे. "तुझी आठवण काढत होत्या. ये म्हणत होत्या एकदा."

खापरखेड्याची बस आमच्या कॉलनीच्या गेटवरूनच जाते. रोज संध्याकाळी मी सदरहून येऊन तिथे उतरते, तेव्हा जवळच ती बहुतेक उभी असते, अर्धी रिकामी. तिच्यात न चढता मी रस्ता ओलांडून घरी येते.